थाळीनं दाखवलेला देव

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळपास सगळं ठाऊक आहे. तरुणपणी पत्त्यांत हरायचो ते, दमा लपवून नोकरीला लागलो ते, धाकट्या भावाशी बोलणं का तुटलं तेही. हे मात्र नाही. तिला नाही, भावाला नाही, विहारात शेजारी बसणाऱ्या कुणालाच नाही. तोंड उघडलंच नाही असं नाही — एक-दोनदा उघडलं, आणि मग चहात साखर कमी आहे असलं काहीतरी बोललो. आज लिहितोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, भिवपुरीच्या अलीकडचं. मी कामाला होतो तिकडे खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. एक कारखाना उभा राहत होता. टेकडीला सुरुंग लावायचे, फुटलेला दगड डोझरनं ढकलून ढीग करायचा, आणि तो क्रशरच्या जबड्यात घालून खडी काढायची. दगडाबरोबर एखादं तुटलेलं ड्रिलचं टोक किंवा डोझरचा दात आत गेला की जबडा फुटायचा आणि सगळं काम बंद. म्हणून ठेकेदारानं मुंबईहून एक जुना मेटल डिटेक्टर आणला होता, लष्कराच्या लिलावातला. लांब दांडा, टोकाला चपटी गोल तबकडी, खांद्यावर बॅटरीची पेटी, कानाला हेडफोन. मजूर त्याला थाळी म्हणायचे आणि मला थाळीवाला. दुपारची सुट्टी झाली की कुणीतरी हटकून विचारायचं, "थाळीवाले, आज काय वाढताय?"

ते काम मला आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो. कानावर हेडफोन, पायाखाली ढीग, बाकी जगाचा आवाज बंद.

थाळीला लोखंड कळतं. पण काही दगडही तिला लोखंडासारखेच वाटतात. आमच्याकडचा काळा दगड बहुतेक मुका. त्यात एखादा जड, निळसर काळा निघतो, त्याला चुंबक हलकेच चिकटतं. त्याच्यावरून थाळी नेली की कानात आवाज येतो. लोखंडाचा आवाज तुटक, धारेचा. दगडाचा लांब, गुरगुरल्यासारखा. दोन्हींतला फरक ओळखणं हीच माझी नोकरी होती. आवाज आला की वाकायचं, दगड उलटायचा, लोखंड असलं तर काढायचं. नुसता बोलका दगड असला तर हात वर करायचा. माझा हात वर झाला की ढीग क्रशरकडे निघायचा.

चित्रविचित्र दगड पुष्कळ निघायचे. पोट पोकळ असलेले, आत पांढऱ्या, क्वचित फिकट हिरव्या काचेसारख्या खड्यांनी भरलेले — ते साहेब लोक टेबलावर ठेवायला न्यायचे. ते मुकेच. आणि तांबडे. डोंगरात दोन काळ्या थरांच्या मधे तांबड्या मातीचा पट्टा असतो, त्याच्या लगतचे दगड गेरू फासल्यासारखे बाहेर येतात. ओले असले की हात लाल करतात. असल्या दगडाकडे मी दुसऱ्यांदा बघत नसे. इतके असायचे, की कशाला बघायचं?

कारखान्याच्या कुंपणाला लागून ठाकरांची वाडी होती. त्यांचा वाघदेव टेकडीच्या पायथ्याला, एका सादड्याच्या झाडाखाली. मूर्ती नाही, देऊळ नाही. कोहळ्याएवढा काळा दगड, तेला-शेंदराची जाड साल चढलेला. त्याचं सगळं करायची हिरीबाय. तिचा नवरा वाडीचा भगत होता. तो गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा देवाचा शेंदूर-दिवा तिच्याकडे राहिला. बाईमाणसानं देवाचं करावं हे तिच्या पुतण्याला, गोमाला, पटत नसे. पण वाडी चालवून घेत होती. हिरीबायकडे एक झोपडी होती, एक शेळी होती, आणि देवासमोर सगळ्यांच्या आधी उभं राहायचा मान होता. एवढंच होतं तिच्याकडे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गोमा आमच्याच कामावर वाडीतल्या मजुरांचा मुकादम होता. एकदा दुपारी गंमत म्हणून त्यानंच मला देवाकडे नेलं. बघू तरी, आमचा देव तुझ्या थाळीत बोलतो का. मी थाळी धरली. देव बोलला — लांब, खालच्या आवाजात. मी हेडफोन हिरीबायच्या कानाला लावले.

"घुमतोय रं," ती म्हणाली. "ह्यांच्या अंगात यायचं तवा असंच घुमायचं."

हेडफोन काही सोडीना. गोमा म्हणाला, "काकू, दे आता. नायतर देवाचा ट्रान्झिस्टर करशील." सगळे हसले. तीही हसली.

तेव्हापासून वाडीत हे पक्कं झालं: आमचा देव थाळीत बोलतो.

टेकडीचा पायथा कारखान्याच्या नकाशात होता. साहेबांशी वाडीचं बोलणं झालं होतं, की दिवाळीच्या तोंडावर येणाऱ्या वाघबारशीला देवाचं सगळं रीतीप्रमाणे करून आपणच तो हलवू. तोवर त्या झाडाला हात लावायचा नाही. ठरलेलं पाळायचा साहेबांचा विचार होता. पण डोझरवर नवा माणूस आला होता आणि त्याला कुणी सांगितलंच नाही. पावसाळा सरत आला होता. एका सकाळी त्यानं सादड्यासकट पायथा खरवडून ढिगात ढकलला.

मला हे ठाऊक नव्हतं. मी ढिगाच्या पलीकडच्या अंगाला होतो. डोझर मागे गेला, मी थाळी फिरवायला लागलो. एका ठिकाणी आवाज आला, लांब, गुरगुरता. वाकलो. चिखलानं माखलेला काळा दगड, एक बाजू सोलून निघालेली, चिरांमधे तांबडं. अंगठ्यानं पुसून बघितलं. गेरू, म्हटलं. हात वर केला.

दुपारी टाकीवर हात धुवायला गेलो तर अंगठ्याचा रंग निघेना. गेरू पाण्यानं जातो. हा जात नव्हता. बोटावर पाणी थेंब धरून उभं राहत होतं. मी अंगठा नाकाशी नेला — जुनं तेल. मग टेकडीकडे बघितलं. सादडा नव्हता. क्रशर सकाळपासून चालू होता, पट्ट्यावरून खडी पडत होती.

इथवर ती चूक होती. चुकीचं मला खरंच फारसं काही वाटत नाही. मी इथेच थांबलो असतो, तर आज हे लिहायला बसलो नसतो.

वाडी आली ती क्रशरसमोर येऊन बसली. बायका, म्हातारे, सगळे. आरडाओरडा नाही, नुकसानभरपाईची मागणी नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. देव ढिगात असणार, तो बोलका आहे, थाळीवाल्याला शोधू दे. साहेबांनी क्रशर बंद करायला सांगितला आणि मला विचारलं, "सापडेल का?"

मी म्हणालो, "सापडेल."

मला कुणी खोटं बोलायला लावलं नाही. साहेबांना काही माहीत नव्हतं. नोकरी जाईल अशी भीती होती का? थोडी होती. पण खरं सांगू? सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब, मुकादम, वाडी — सगळे. माझ्या तोंडून काय निघतं याची माणसं वाट बघतायत, असं माझ्या आयुष्यात त्याआधी घडलं नव्हतं. "तो गेला, मीच घातला" हे शब्द तोंडाशी होते. मी दुसरे वापरले.

मग मी शोधायचं सोंग केलं. ढिगाच्या मागच्या बाजूला, जिथे कुणाला दिसत नव्हतं, एक बोलका दगड निवडला. तेवढाच, साधारण तसाच. त्याच्या चिरांत गेरू भरला. गेरू सुटा राहू नये म्हणून क्रशरच्या डब्यातलं ग्रीस घेतलं आणि अंगठ्यानं दाबून बसवलं. बाकीची शेंदराची साल डोझरखाली सोलली गेली असंच सगळे धरतील, हे मला माहीत होतं. काम नीट झालं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं.

दगड आणून ठेवला. बायकांनी हात जोडले. गोमानं डोक्यावरचं मुंडासं काढलं. हिरीबाय पुढे झाली, खाली बसली, दगडावरून हात फिरवला, मग तो हात नाकाशी नेला.

"ह्यो नाय आमचा," ती म्हणाली.

"काकू, काय बोलतंस?"

"ह्याला गाडीचा वास हाय."

"गाडीखाली गेलेला देव, त्याला गाडीचाच वास यायचा," गोमा म्हणाला. "मोगऱ्याचा येल?"

कुणीतरी हसलं. हिरीबाय हलली नाही. पुन्हा म्हणाली, हा आमचा नाही. आता वाडी कुजबुजायला लागली. आधी नवऱ्याच्या हाताखाली, मग एकटीनं, तिनं पन्नासेक वर्षं त्या दगडाला हात लावला होता, तिचं ऐकलं असतं त्यांनी. मला ते दिसत होतं. तेवढ्यात गोमा माझ्याकडे वळला. "थाळी लाव. देव हाय का नाय, देवच सांगेल."

मी थाळी लावली. हेडफोन स्वतःच्या कानाला न लावता गोमाला दिले, मग एका म्हाताऱ्याला, मग ज्यानं ज्यानं मागितले त्याला त्याला. प्रत्येकाच्या तोंडावर समाधान येत होतं. शेवटी हिरीबायला दिले. तिनं ऐकलं. दगड गुरगुरत होता. तिनं हेडफोन काढून माझ्या हातात ठेवले आणि ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. तिला काही कळत नव्हतं, एवढंच.

त्या टेकडीत असे बोलके दगड शेकड्यांनी होते. हे तिथे एकट्या मला माहीत होतं.

देव वाडीत नेऊन बसवला. क्रशर सुरू झाला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बरीच वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आलो. आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेली माणसं. वडील ठाकुरवाडी स्टेशनाजवळच्या घाटात रेल्वेचे रूळ राखणाऱ्या गँगमध्ये होते. धर्म घेतल्यावर त्यांनी घरातले देवांचे पितळेचे टाक फडक्यात बांधले, आम्हाला सगळ्यांना बरोबर घेऊन उल्हास नदीवर गेले आणि पाण्यात सोडले. आईला विचारलं होतं, आजीला विचारलं होतं. आजी रडली, पण हो म्हणाली होती. तर मी स्वतःला सांगायचो — दगड तो दगड. हा काय, तो काय. माझ्या लेखी दोन्ही सारखेच.

पण आमचे देव आम्ही आमच्या हातानं सोडले. कुणी आमच्या फडक्यात गुपचूप दुसरं काही बांधून दिलं नव्हतं. हे मला कळायला अक्कल लागत नव्हती. त्याच दिवशी कळत होतं. विहारात पंचशील म्हणताना चौथं शील येतं — खोटं बोलणार नाही. तिथे मी ओठ हलवतो. आवाज काढत नाही. शेजारच्यांना वाटतं, दम्यामुळे.

एवढंच असतं, तरी मी कदाचित गप्प राहिलो असतो. पुढचं सांगायला जड जातं.

त्या हिवाळ्यात बिबट्यानं वाडीतलं वासरू नेलं. मग गोमाची तान्ही मुलगी तापानं गेली. देव नव्या जागी बसला आणि असं का व्हावं? कुणीतरी म्हणालं, देवाला तोंडावर नाकारलं ना म्हातारीनं. मग आणखी कुणी म्हणालं. शेंदराची वाटी तिच्याकडून काढून गोमाकडे दिली. देवासमोर तिनं यायचं नाही असं ठरलं. मारलं नाही तिला कुणी. पण झऱ्यावर ती आली की बायका हंडे उचलून निघून जायच्या. एका बाईनं तिला भुताळी म्हटलं, म्हणजे चेटकीण. मी ते कामावर ऐकलं, दुपारच्या जेवणाच्या वेळी, भाकरी खाता खाता. भाकरी संपवली.

मग हिरीबाय आमच्या ढिगावर यायला लागली. एकटीच. डोझर लांब असला की ढिगाच्या कडेनं चालायची, काठीनं दगड उलटायची, एखादा उचलून वास घ्यायची. रखवालदार हाकलायला गेला तर मीच म्हणालो, राहू दे, बिचारी.

एके दिवशी ती माझ्याजवळ आली. "बाबा, एक इचारू?"

"विचारा."

"दोन दगड एकावाणी बोलत्यात का रं कधी?"

मी म्हणालो, "बोलतात."

तिनं मान डोलावली. बराच वेळ मनात धरलेलं काही जागेवर बसावं तशी. मग काठीनं ढिगाकडे दाखवलं. "मग माझा अजून हितंच असल. थाळी लाव की जरा."

मी लावली.

समजलं का तुम्हाला मी काय सांगतोय? देव कुठे गेला हे मला माहीत होतं. त्याची खडी झाली होती. ती कुठल्या इमारतीच्या पायात ओतली, कुठल्या रस्त्यावर पसरली, तेही आता कुणाला सांगता आलं नसतं. आणि मी तिच्या मागोमाग थाळी घेऊन ढिगावर चालत होतो. ती म्हणेल तिथे धरत होतो. आवाज आला की वाकून दगड उलटत होतो. तिनं वास घेऊन नाही म्हणून मान हलवली की पुढे. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यातून कधी कधी, काम चालू होतं तोवर. तिला सत्य सांगायला रोज संधी होती. रोज मी बॅटरी तपासून घ्यायचो.

ती माझ्यासाठी पानात बांधून काहीबाही आणायची. करवंदं, उकडलेले कंद. सगळ्यांनी तोंड फिरवलं, एक थाळीवाला तेवढा माणसासारखा वागतो, असं ती मजुरांना सांगायची. मजूर मला येऊन सांगायचे. मी ते कंद खाल्ले. चव चांगली होती.

मला वाईट वाटत होतं का? हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. कानात हेडफोन असले की बाहेरचं जसं बंद होतं, तसं. आजही लिहिताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही.

टेकडी संपली, क्रशर हलला. हिरीबाय वाडी सोडून घाटातल्या बहिणीकडे राहायला गेली. तिथेच वारली. मला कळलं ते बऱ्याच महिन्यांनी, गोमाकडून, एस.टी.च्या थांब्यावर. मी "अरेरे" म्हणालो.

गोमाशी माझे संबंध चांगले आहेत. वाघबारशीला तो मला वाडीवर बोलावतो. मी देवाला हात जोडत नाही हे त्यांना माहीत आहे, त्यावर कुणी काही म्हणत नाही. मला पुढे बसवतात, खिरीचा पहिला द्रोण देतात. ह्यांनी आमचा देव काढून दिला, असं नव्या सुनांना सांगतात. न जावं, तर का आलो नाही म्हणून विचारतील. म्हणून जातो.

गेल्या वाघबारशीला असाच बसलो होतो. शेजारच्या वाडीचा विषय निघाला. तिथे ओढ्याला पूर आला आणि त्यांचा देव वाहून जाऊन फुटला.

मी विचारलं, "मग?"

"मग काय?" गोमा पानाला चुना लावत होता. "तुकडं गावलं तेवढं नदीत सोडलं. डोंगरातला दुसरा दगड आणला, कोंबडं दिलं, बसवला."

"असं चालतं?"

"न चालायला काय झालं? दगड हाय, फुटायचाच. बसवणारं माणूस पायजे." पान तोंडात टाकून तो म्हणाला, "आमच्यात काकूला यायचं ते. चुलत्यानं शिकवलं होतं तिला."

मी खीर संपवली आणि घरी आलो.

म्हणजे त्या दिवशी क्रशरसमोर मी खरं बोललो असतो, तर वाडी थोडा वेळ रागावली असती, थोडी रडली असती. एक कोंबडं गेलं असतं. डोंगरातून दगड आला असता, आणि तो हिरीबायनं बसवला असता.

तिचं देणं आता फिटण्यातलं नाही. वाडीचं शिल्लक आहे. त्यांचा देव माझ्या हातून क्रशरमध्ये गेला, जो ते पूजतात तो मी ग्रीस लावून तयार केला, आणि हिरीबाय खरं बोलत होती — हे गोमासमोर आणि सगळ्या वाडीसमोर उभं राहून सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.